दोन आठवडे आणि दोन प्रश्न

कोविडच्या काळात घराघरांत ऑक्सिमीटर आला. सकाळ-संध्याकाळ बोट त्यात घालायचं, आकडा 94च्या खाली गेला की डॉक्टरांना फोन करायचा, हे शाळकरी मुलांनाही पाठ झालं होतं. मनाची अशी नोंद मात्र फार थोड्या घरांत झाली. याची मला आजही खंत वाटते, कारण त्यासाठी यंत्रसुद्धा लागत नाही.

‘पीएचक्यू-2’ ही नैराश्याचा अंदाज घेणारी, दोनच प्रश्नांची, 2003 सालची छोटी चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? आणि उदास, हताश वाटतंय का? अजिबात नाही म्हणजे 0, काही दिवस म्हणजे 1, निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे 2, जवळपास रोज म्हणजे 3. बेरीज 3 किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांशी बोलायला हवं. एवढ्यावरून आजार ठरत नाही. पुढची तपासणी करायची की नाही, हे कळतं.

दोन आठवडेच का? शेजारचं माणूस गेलं त्या रात्री रडू येणं, घास न उतरणं हा आजार नव्हे. पण वाईट दिवसांची रांग लागली, आवडीची मालिका समोर चालू असूनही डोळे नुसते पडद्यावर राहिले, नातवाचा व्हिडिओ कॉल आला तरी फोन उचलावासा वाटला नाही, तर ते वेगळं. इथे एखाद्या दिवसाची तीव्रता मोजत नाहीत, किती दिवस असं गेलं ते मोजतात.

साथीत हे जास्त का घडतं? धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. एरवी ते सकाळी चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास उतरतं. साथीत ‘धोका टळला’ अशी खूण महिनोन्‌महिने मिळत नाही. ताण असा रेंगाळला की ही लय बिघडू शकते, झोप मोडते आणि मोडलेली झोप ताण आणखी वाढवते. पहिल्याच वर्षात जगभरात चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं. तरुणांना आणि स्त्रियांना याची झळ जास्त बसली.

या दोन प्रश्नांची एक खुबी मला फार मोलाची वाटते. त्यांत थकवा, भूक, झोप यांची विचारणाच नाही. कोविडमधून उठलेल्या माणसाला थकवा विषाणूमुळेही असतो. त्यामुळे शरीराच्या तक्रारींवरून मनाचा अंदाज चुकू शकतो. ‘करमत नाही’ हे मात्र वेगळं विचारता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर ते विचारावंच, कारण ती ‘डोकं जड झालंय’ एवढंच सांगून गप्प बसतात.

जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि 14416 या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.