२६ चं टायर कोणतं? १ ३/८ आणि १.९५ मध्ये गल्लत नको

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि अंगणात उन्हात उभ्या असलेल्या सायकलींची टायरं कडेने तडकतात. शाळा उघडायच्या तोंडावर घरोघरी टायर बदलायची वेळ येते. पोरगं दुकानात जाऊन सांगतं, ‘सव्वीसनं टायर जोयजे’. दुकानदार लटकवलेलं एक टायर काढून देतो. गावी पंक्चरवाल्याकडे गेल्यावर कळतं की ते रिंगवर बसतच नाही. पैसे गेले, वर तालुक्याला दुसरी फेरी.

२६ ची टायरं मुख्यतः दोन जातींची असतात. एक २६ × १ ३/८. हे बारीक टायर मुलींच्या शाळेच्या सायकलींना आणि टोपली-कॅरिअरवाल्या साध्या सायकलींना येतं. दुसरं २६ × १.९५ किंवा २.१०. हे जाड, वर रबराचे उंचवटे म्हणजे गुटके असलेलं टायर असतं आणि ते आपल्याकडे सरसकट ‘रेंजर’ म्हणतात त्या सायकलीला लागतं.

दोन्ही २६ कशी, तर हा आकडा रिंगचा नाहीच, हवा भरलेल्या टायरसकट चाकाच्या उंचीचा आहे. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. बारीक टायर ज्या ठिकाणी रिंगवर बसतं तिथला व्यास ५९० मिलिमीटर. त्यात वर-खाली साधारण ३५-३५ मिलिमीटर टायर धरा, झाले ६६०. रेंजरच्या रिंगचा तोच व्यास ५५९, टायर मात्र ५० मिलिमीटर जाड, म्हणजे ६५९. बाहेरून चाकं सारखी दिसतात, पण आतल्या रिंगांत ३१ मिलिमीटरचा फरक आहे. तो कुठल्याही ओढाताणीने भरून निघत नाही.

तरी ओढाताण होते, आणि तिथेच नुकसान होतं. रेंजरचं टायर मोठ्या रिंगवर चढवायला कुणी पान्याने, पेचकसाने जोर लावतं. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणत नाही, एका जागी वाकते किंवा तुटते, आणि नवंकोरं टायर परत करण्याच्याही लायकीचं राहत नाही. उलटं केलं तर धोका मोठा. बारीक टायर छोट्या रिंगवर सहज पडतं, हवा भरेपर्यंत बसल्यासारखं वाटतं, मग एका बाजूने बाहेर येतं आणि ट्यूब फुगून फुटते. चालत्या सायकलवर, मागे कॅरिअरवर लहान भावंड बसलेलं असताना हे व्हायला नको. म्हणून ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याचं मुळीच ऐकू नका.

खात्री करायची रीत सोपी आहे. जुन्या टायरच्या कडेवर ३७-५९० किंवा ५०-५५९ असे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, तो थोडा मागेपुढे चालतो. दुसरा आकडा म्हणजे टायर रिंगवर बसतं तिथला व्यास, तो मात्र तंतोतंत जुळला पाहिजे. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात तोच दाखवा. आकडे झिजले असतील तर टायर उतरवून रिंग मधोमध, बाहेरच्या काठापासून काठापर्यंत टेपने मोजा. साधारण ५७ सेंटिमीटर भरली तर रेंजरची, ६० भरली तर बारीक टायरची. जुन्या काळ्या सायकलीचं २८ × १ १/२ हे टायर ६३५ च्या रिंगचं. हायब्रिड सायकलींच्या ६२२ च्या टायरवरही कधीकधी २८ लिहिलेलं असतं, तिथेही हाच घोळ.

ट्यूब रबराची असल्याने थोडं सांभाळून घेते. पण जाड टायरची ट्यूब बारीक टायरात कोंबली की तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती पुढे फाटते. ट्यूबही टायरच्या मापाचीच घ्या. आख्खं चाक बदलून २६ ला २६ लावू, असंही मनात आणू नका. रिंगचा काठ दीड सेंटिमीटर वर-खाली जातो आणि ब्रेकचे रबर रिंगवर टेकतच नाहीत.

नवीन सायकल घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे. घर ते शाळा, घर ते स्टँड असा डांबरी रस्ता असेल तर १ ३/८ चीच घ्या. ती हलकी पळते, आणि मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर बहुधा सोबतच येतात. रेंजरला ते बरेचदा वरून बसवावं लागतं. यावल-रावेरकडे केळीच्या बागांतून, खडी उखडलेल्या शेतरस्त्याने रोज जाणं असेल तर जाड टायर बरं. त्यातही मधोमध सलग पट्टी असलेलं मागा. मोठे गुटके डांबरावर नुसते पाय दुखवतात, आणि पावसाळ्यात काळी माती त्यांच्यात भरून मडगार्डखाली चाक अडकवते.

हवेचं मापही वेगळं. बारीक टायरला साधारण ५० ते ६० पौंड, जाडाला ३५ ते ५०. नेमकी मर्यादा टायरवर लिहिलेली असते. उन्हाळ्यात फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडा. सकाळी २५ अंशांत ५० पौंड भरली आणि टायर ५० अंशांपर्यंत तापलं, तरी पाच-सहा पौंडच वाढतात. कमी हवेत मात्र खड्ड्यात ट्यूब रिंगखाली चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सायकल सावलीत ठेवली की कडाही लवकर तडकत नाहीत.

सराटे आणि बाभळीचे काटे दोन्ही जातींना सारखेच छळतात. जाड टायरलाही काटा लागतोच. पंक्चर काढल्यावर ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं गोल फिरवा. काट्याचं मोडलेलं टोक कुठे राहिलं असेल तर फडकं तिथे अडकतं, ते टोक चिमट्याने उपटून काढा आणि मगच ट्यूब बसवा.