इंजिनिअरिंगच्या लायब्ररीत काय घ्यायचं हे नक्की ठरवतं कोण? : थोडी पार्श्वभूमी

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक येतं ते असं: एचओडी म्हणजे विभागप्रमुखाची यादी, लायब्ररी कमिटी, विक्रेत्यांची तीन कोटेशनं, बिल, आणि शेवटी पुस्तकाचा नोंदणी क्रमांक म्हणजे ॲक्सेशन नंबर. यादीत ठरावीकच नावं का येतात हे कळायला मात्र जरा मागे जावं लागतं.

पुण्यात १८५४ पासून आणि मुंबईत १८८७ पासून इंजिनिअरिंग शिकवलं जातंय, पण त्या काळातल्या खरेदीचा आजच्या यादीशी फारसा संबंध उरलेला नाही. खरा संबंध सुरू होतो तो स्वस्त पुस्तकांपासून. १९५१ ला अमेरिकेने गव्हासाठी कर्ज दिलं आणि त्याच्या व्याजातला काही भाग आपल्या लायब्रऱ्यांना अमेरिकन पुस्तकं आणि लॅबची उपकरणं द्यायला वापरला, पुढे ब्रिटनच्या सरकारच्या सबसिडीवरच्या ईएलबीएस नावाच्या स्वस्त आवृत्त्या आल्या, आणि रशियाच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं तर जाड पुठ्ठ्याची असूनही विद्यार्थ्याला परवडायची. म्हणजे प्राध्यापक निवडायचे ते जे स्वस्तात मिळत होतं त्यातूनच. सोव्हिएत युनियन १९९१ ला संपलं, ईएलबीएस १९९७ ला बंद झालं, आणि जुन्या लायब्ररीत त्यानंतरची कपाटं बघितली की फरक लगेच दिसतो.

मधल्या काळात, १९८३ नंतर, महाराष्ट्रात खासगी कॉलेजं निघाली. प्रत्येकाला मान्यतेसाठी एकदम लायब्ररी उभी करायची होती आणि दिल्लीतल्या परिषदेचे, म्हणजे एआयसीटीईचे (तंत्रशिक्षण परिषदेचे), नियम मोजायचे टायटल्स (वेगवेगळी पुस्तकं) आणि व्हॉल्यूम्स (एकूण प्रती). आता व्हॉल्यूमचा आकडा गाठायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे सिलॅबसप्रमाणे लिहिलेलं लोकल ऑथरचं पुस्तक, त्याच्या ढीगभर कॉप्या, वर व्हेंडरचा डिस्काउंट. मुलं पण तेच मागायची, का नाही मागणार, युनिटवाइज सोडवलेले प्रश्न त्यातच असतात. पण सिलॅबस बदलला की तो सगळा गठ्ठा एका रात्रीत रद्दी, आणि राइट-ऑफ करायचं म्हटलं की परत ऑडिटची कटकट, म्हणून तो तसाच पडून.

खरा वाद झाला ई-जर्नल्सवरून, म्हणजे ऑनलाइन मिळणाऱ्या संशोधन नियतकालिकांवरून. २००३ ला इंडेस्ट नावाची एकत्र खरेदीची योजना आली. आयआयटीसारख्या संस्थांचे पैसे केंद्रातलं मंत्रालय भरायचं, काही सरकारी आणि अनुदानित कॉलेजांचे परिषद भरायची, बाकीच्यांनी स्वतःच्या खिशातून भरून सामील व्हायचं. इथवर कोणाची तक्रार नव्हती, एकट्याने गेलो असतो तर तो दर कधीच मिळाला नसता. पण २०१० च्या पुढेमागे परिषदेने मान्यतेच्या अटींतच ई-जर्नल्सची पॅकेजेस घातली, शाखेनुसार ठरलेली, म्हणजे मेकॅनिकलला एएसएमई, सिव्हिलला एएससीई, इलेक्ट्रॉनिक्स-कॉम्प्युटरला आयईईई (या सगळ्या अमेरिकेतल्या इंजिनिअरांच्या संघटना). बाजू घेणारे म्हणायचे की सक्ती केली नाही तर संस्थाचालक जर्नलवर एक रुपया खर्च करणार नाहीत, आणि यात तथ्य आहे हे कोणीही मान्य करेल. पण जिथे फक्त बी.ई. चालतं, पीजी नाही, रिसर्च नाही, तिथे हे उघडणार कोण? लाखांची बिलं एकदम आली आणि बजेट काही वाढलं नाही, मग कात्री लागली ती छापील भारतीय मासिकांना आणि रेफरन्स पुस्तकांना. इन्स्पेक्शन जवळ आलं की युसेज रिपोर्टची (जर्नल्स किती वापरली त्याच्या नोंदीची) प्रिंट काढून फाइलला लावायची आणि त्यात आकडे दिसावेत म्हणून आधीचा आठवडाभर मुलांना लॅबमध्ये बसवून पेपर डाउनलोड करायला लावायचे, हे बऱ्याच ठिकाणी चाललं. निवड करायची ती लायब्ररीने आणि इथे सही सोडून तिच्या हातात काही उरलंच नव्हतं! पुढे ही सक्ती सैल होत गेली, पण तोवर बंद झालेली मासिकं काही परत सुरू झाली नाहीत.

२०१५ ला इंडेस्ट ई-शोधसिंधू या एकत्र खरेदीच्याच मोठ्या सरकारी योजनेत विलीन झालं. नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या जर्नल-वर्गणी योजनेला मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि जानेवारी २०२५ पासून सुमारे ६,३०० सरकारी संस्थांना ॲक्सेस. सरकारी विद्यापीठाच्या लायब्ररीला जर्नल निवडायचा ताप बराच कमी झाला. पण राज्यातल्या बहुतेक जागा खासगी कॉलेजांत आहेत आणि पहिल्या टप्प्यात ती बाहेरच राहिली, त्यांचा जुना हिशोब चालूच.

एक गोष्ट मात्र अजूनही लायब्ररीलाच ठरवावी लागते, ती म्हणजे आयएस कोड, म्हणजे भारतीय मानकांच्या पुस्तिका. आता बहुतेक भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवरून फुकट डाउनलोड होतात, म्हणून नव्या छापील प्रती घेणं बऱ्याच जणांनी थांबवलंय. पण आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या कोडची २००७ ची आवृत्ती आली, डिझाइन 'लिमिट स्टेट' नावाच्या नव्या पद्धतीवर गेलं, आणि १९८४ च्या प्रती कालबाह्य म्हणून काढायच्या यादीत टाकल्या गेल्या. त्या काढू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तेव्हाच्या स्टीलच्या शेड आणि इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट करणारा माणूस जुना कोड शोधत लायब्ररीतच येतो.