पाळकीय सेवेसाठी एम.डिव्ह. किंवा बी.डी.: अर्ज कुठून सुरू होतो, पात्रता काय, कागद कोणते

सेमिनरीचा, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयाचा, प्रवेश अर्ज उघडण्याआधी आपल्या पाळकांना भेटून या. नुसती प्रार्थना मागायला नव्हे, एक सरळ प्रश्न विचारायला: ‘आपल्या मंडळीत दीक्षा घ्यायची तर पहिला कागद कोणाकडे द्यायचा?’

हे आधी सांगतोय कारण पाळक होण्यासाठी अर्ज एक नसतो, दोन असतात. एक सेमिनरीकडे जातो, दुसरा मंडळीकडे, म्हणजे तुमच्या चर्चकडे. सेमिनरी पदवी देते. दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून सेवा करण्याचा रीतसर अधिकार, मंडळी देते, आणि तिचे नियम, समित्या, मुदती सगळं वेगळं. आमच्या मंडळीच्या समितीत काही वर्षं उमेदवारांचे अर्ज वाचले, तेव्हा हीच गफलत सारखी दिसली. मुलगा किंवा मुलगी हुशार, प्रवेश मिळालेला, शिक्षण जवळपास संपत आलेलं. आणि मंडळीच्या दप्तरी मात्र उमेदवार म्हणून नावच नाही.

याचा फटका कसा बसतो, ते उदाहरणाने पाहू. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा नियम असा आहे की या वाटेवर नाव नोंदवण्याआधी किमान सहा महिने तुम्ही तुम्हाला पाठवणाऱ्या स्थानिक मंडळीचे सक्रिय सभासद असले पाहिजेत. त्यानंतर तयारीचा काळ किमान दोन वर्षांचा, आणि त्यातलं किमान एक वर्ष रीतसर ‘उमेदवार’ म्हणून. आता तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी कोणी नाव नोंदवायला गेलं, तर पदवी हातात घेऊन वाट पाहत बसावं लागणार. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये क्रम उलटाच: आधी धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपाच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या, पातळीवर निवड, दोन टप्प्यांच्या मुलाखती, बिशपांची संमती, आणि मगच कॉलेज. रोमन कॅथलिक पंथात तर धर्मगुरू होण्यासाठी कोणी आपण होऊन कॉलेजात नाव घालत नाही. बिशप किंवा संन्यस्त संघ उमेदवाराला स्वीकारतो आणि तोच पाठवतो.

पदवी कोणती निवडायची

पाळकीय सेवेसाठी मुख्य पदवी म्हणजे मास्टर ऑफ डिव्हिनिटी, बोलताना एम.डिव्ह. अमेरिका आणि कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणाऱ्या असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स या संस्थेच्या मानकांप्रमाणे तिला किमान ७२ क्रेडिट लागतात; पूर्ण वेळ शिकलं तर साधारण तीन वर्षं. पदवीधरांसाठी तीन वर्षांची सेमिनरी ही पद्धत तिथे जुनीच आहे, १८०७ साली स्थापन झालेल्या अँडोव्हर सेमिनरीपासूनची.

बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी हे नाव ऐकून लोक गोंधळतात. ‘मी बी.ए. झालोय, पुन्हा बॅचलर कशाला?’ खरं तर ही त्याच पाळकीय पदवीची जुनी पाटी. अमेरिकेतही आधी बी.डी.च होती, १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे तिचं नाव बदलून एम.डिव्ह. झालं. भारतात सेरामपूर कॉलेजच्या सिनेटने, म्हणजे ईशज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) पदव्या देणाऱ्या मंडळाने, जुनं नाव ठेवलं. हे कॉलेज कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलं, पदव्या देण्याची सनद डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली दिली, आणि १९१८च्या कायद्याने त्या अधिकाराला पुढची चौकट मिळाली. आज देशातली अनेक ईशज्ञान महाविद्यालयं या सिनेटशी जोडलेली आहेत. काही देशांत बी.डी. ही बारावीनंतरची पदवीही असते, त्यामुळे माहितीपत्रकात नावाकडे न पाहता ‘प्रवेशासाठी आधीची पदवी लागते का’ ही ओळ शोधा.

दोन वर्षांची ईशज्ञानातली एम.ए. मोहात पाडते, कारण एक वर्ष वाचतं. अध्यापन किंवा संशोधन करायचं असेल तर ती उत्तम. पण त्यात उपदेशशास्त्र, पाळकीय समुपदेशन, प्रत्यक्ष मंडळीतलं काम हे भाग कमी असतात किंवा नसतात, आणि बऱ्याच पंथांत तेवढ्यावर दीक्षा मिळत नाही. एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) आणि डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री या नंतरच्या पायऱ्या.

पात्रता

कागदावरची पात्रता फार अवघड नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही विषयातली पदवी चालते. कॉमर्सवाले, इंजिनिअर, नर्स सगळे येतात, आणि इतिहास किंवा साहित्य शिकलेल्यांना सुरुवातीचे निबंध थोडे सोपे जातात इतकंच. ग्रीक आणि हिब्रू आधीपासून यावं अशी अपेक्षा सहसा नसते. त्या तिथेच शिकवतात. शिकवण्याची भाषा इंग्रजी असेल आणि तुमचं शिक्षण दुसऱ्या भाषेत झालं असेल, तर भाषेच्या परीक्षेचे गुण मागतात. काही ठिकाणी पवित्र शास्त्राच्या माहितीची लेखी प्रवेश परीक्षाही असते.

वयाची वरची मर्यादा प्रॉटेस्टंट सेमिनरींत बहुधा नसते. चाळिशीनंतर नोकरी सोडून आलेले विद्यार्थी नवीन नाहीत. कॅथलिक पंथात खालची मर्यादा मात्र कायद्यातच आहे: १९८३च्या धर्मसंहितेप्रमाणे धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत, आणि तत्त्वज्ञान व ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास.

स्त्रियांनी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी. सेमिनरी प्रवेश देते याचा अर्थ तुमचा पंथ दीक्षा देतो असा होत नाही. दोन्ही उत्तरं लेखी मिळवा. तीन वर्षं घालवल्यावर कळणं फार महागात पडतं.

कागदपत्रं

पदवीच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, आरोग्याचा दाखला, अर्जाचं शुल्क हे कुठेही लागतंच; त्यावर शब्द खर्च करत नाही. फक्त एवढं, की बऱ्याच परदेशी सेमिनरी गुणपत्रिका थेट विद्यापीठाकडून मोहोरबंद मागतात. विद्यापीठाच्या खिडकीवरचा वेळ हिशेबात धरा.

बाप्तिस्म्याचा दाखला जुना, पिवळा पडलेला घरात असतो आणि तोच स्कॅन करून पाठवला जातो. कॅथलिक कार्यालयं नव्याने काढलेला दाखला मागतात आणि त्याला कारण आहे: दृढीकरण, विवाह, दीक्षा यांच्या नोंदी बाप्तिस्म्याच्या मूळ वहीतच पुढे घातल्या जातात, म्हणून ताज्या दाखल्यावर आजची खरी स्थिती दिसते. दुसरी भानगड नावाची. वहीत ‘योहान’, पदवीवर ‘जॉन’, पासपोर्टवर तिसरंच काही. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून अर्जाला जोडा. हे अर्ज परत आल्यावर करण्याचं काम नव्हे.

मंडळीचं शिफारसपत्र आणि पाळकांचं शिफारसपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळक तुम्हाला ओळखणारी व्यक्ती म्हणून लिहितात; मंडळीचं पत्र मात्र वडीलजनांच्या किंवा समितीच्या ठरावाने निघतं, त्यावर ठरावाची तारीख असते. समितीची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होत असेल तर तुमचा सगळा वेळ तिथेच जातो. तिसरं पत्र बहुधा प्राध्यापकाचं किंवा कामावरच्या वरिष्ठांचं. नातेवाइकांचं चालत नाही, आणि वडील पाळक असले तरी नाही. शिफारस करणाऱ्याला हातात चार मुद्दे लिहून द्या: कोणत्या वर्षी काय काम केलं, कशात कमी पडलात. कमी पडलेलंही द्या. ज्या पत्रात उमेदवार सर्वगुणसंपन्न असतो, ते पत्र वाचणारा पान उलटतो.

आता पाचारणाची साक्ष. अर्जातला हाच भाग खरा वाचला जातो. दोन-तीन पानांत लिहायचं असतं की देवाने सेवेला बोलावलंय असं तुम्हाला का वाटतं. बहुतेक निबंध ‘माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला आणि लहानपणापासून मी रविवार शाळेत जात असे’ या वाक्याने सुरू होतात. खोटं काही नाही, पण समिती एका बैठकीत अशी दहा वाक्यं वाचते. त्याऐवजी समजा कोणी असं लिहिलं: ‘मयताच्या घरी पाळकांसोबत गेलो होतो. तासाभरात त्यांनी एक स्तोत्र वाचलं, बाकी वेळ आजोबांचा हात धरून गप्प बसून राहिले. बाहेर पडताना वाटलं, हे मला शिकायचंय.’ इथे वाचणारा थांबतो. वचनं कमी घाला, प्रसंग घाला. शंका आल्या असतील, मधली काही वर्षं मंडळीपासून लांब गेला असाल, तर तेही लिहा. मुलाखतीत ते निघतंच.

पार्श्वभूमीची तपासणी आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन यांना लोक उगाच घाबरतात. लहान मुलं, आजारी माणसं, शोकात बुडालेली कुटुंबं यांच्यासोबत एकट्याने काम करणाऱ्याची पोलिस तपासणी व्हायलाच हवी. मानसशास्त्रीय चाचणीत नापास करणं हा हेतू नसतो. रागाचं काय करता, एकटेपण कसं सोसता, अधिकार हातात आला की कसे वागता हे पाहतात. काही पंथ कर्जाची माहितीही मागतात. ती पूर्ण द्या.

परदेशात, म्हणजे अमेरिकेत जायचं तर शिक्षणासाठी एफ-१ व्हिसा लागतो, आणि त्यासाठी सेमिनरीने दिलेला आय-२० फॉर्म. तो मिळण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद कागदावर दाखवावी लागते. आर-१ हा धार्मिक कामासाठीचा व्हिसा आहे, शिक्षणासाठीचा नाही. ‘चर्चनेच बोलावलंय, मग तो चालेल’ असा समज करून घेऊ नका.

प्रवेशाआधी विचारून ठेवा

रुग्णालयातलं प्रशिक्षण, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, अनेक पंथ दीक्षेसाठी सक्तीचं करतात. त्याचा एक घटक ४०० तासांचा असतो. याची सुरुवात १९२५च्या सुमारास अँटन बॉयसन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली. ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले पाळक होते. प्रशिक्षणात विद्यार्थी रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दशः कागदावर उतरवतो आणि गटासमोर ठेवतो. रुग्ण म्हणाली ‘झोप लागत नाही’, आणि आपण लगेच ‘प्रार्थना करूया का?’ असं विचारलं; ती काय सांगणार होती ते राहूनच गेलं, हे त्या कागदावर उघडं पडतं. हे ४०० तास अभ्यासक्रमात धरलेत की सुट्टीत वेगळे करायचे, शुल्क कोणी भरायचं, हे प्रवेश घेण्याआधीच विचारा.

वेळेचं गणित असं: वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होणार असतील तर मंडळीशी बोलणं त्याआधी किमान दीड वर्ष, सेमिनरीचा अर्ज साधारण वर्षभर आधी, शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच्यासोबतच. शिष्यवृत्तीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, हे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

मुलाखतीनंतर उत्तर तीन प्रकारचं येतं: होय, नाही, आणि ‘आत्ता नको’. तिसरं सगळ्यांत जास्त चुकीचं समजलं जातं. समिती बहुधा काहीतरी नेमकं सुचवत असते: एखाद्या मंडळीत वर्षभर काम करा, समुपदेशन घ्या, वाचन वाढवा. ते लेखी मागून घ्या आणि पूर्ण केल्याचा कागद जपून ठेवा, कारण पुढच्या वेळी समितीतली माणसं बदललेली असतील. आणि आधी दुसऱ्या सेमिनरीतून काढलं गेलं असेल तर तेही अर्जात सांगा. कॅथलिक धर्मसंहितेत अशा उमेदवाराला घेण्याआधी जुन्या संस्थेच्या वरिष्ठांकडून कारणासह लेखी अभिप्राय मागवणं बंधनकारकच आहे, आणि इतर पंथांतही एक फोन पुरेसा असतो.