बूमवरचे दोर आले कुठून?

वैनगंगेवर ढिवरांचा डोंगा वल्ह्यावर आणि बांबूवर चालतो. शीड आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलंच नाही. त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या खेड्यांतली पोरं एनसीसीच्या नौदल शाखेत जातात आणि पहिल्यांदा शिडाच्या होडीत बसतात, तेव्हा बूमला लटकलेले दोर पाहूनच गांगरतात. हे दोर एकदम आलेले नाहीत. एकेका दोरामागे एकेक अडचण आहे, आणि बहुतेक अडचणी खुद्द बूमनेच उभ्या केलेल्या आहेत.

बूम म्हणजे मोठ्या शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी काठी. तिचं एक टोक डोलकाठीला खिळलेलं, दुसरं मोकळं. कोकणातल्या जुन्या गलबतांना ती नव्हती. तिथलं शीड डोलकाठीवर तिरप्या टांगलेल्या लांब काठीवरून सुटायचं आणि खालची कड मोकळी असायची. वाऱ्याची बाजू बदलली की ती अख्खी काठी डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागे. त्याला माणसं लागत, वेळही लागे. 17व्या शतकात बर्म्युडा बेटांवर त्रिकोणी शिडाची पुढची कड थेट डोलकाठीला लावण्याची पद्धत रुजली. वरची काठी गेली, थोड्या माणसांत होडी फिरू लागली. तरी शर्यतीच्या मोठ्या यॉट या पद्धतीवर 20व्या शतकातच आल्या.

बूमचं मोकळं टोक आवरणारा पहिला दोर म्हणजे मेनशीट. बंडीच्या बैलाला जसा कासरा, तशी बूमला मेनशीट. पण ती एकटी पुरत नाही. शीड आत ओढलेलं असताना ती बूमला आत खेचते आणि खालीही दाबते. शीड बाहेर सोडलं की दोर आडवा होतो, खालचा दाब संपतो, बूम वर उचलला जातो आणि शिडाचा वरचा भाग पिळवटून वारा सांडू लागतो. म्हणून डोलकाठीच्या बुडापासून बूमच्या पोटाला कप्प्यांचा दोर आला, तो व्हँग. मेनशीटचं टोक आडव्या रुळावर सरकवणारा ट्रॅव्हलर आला, त्यामागेही हीच अडचण होती.

शिडाला पोट, म्हणजे फुगवटा, किती द्यायचा, हा प्रश्न वेगळा. 1930च्या अमेरिकाज कप या यॉटच्या नामांकित शर्यतीत ‘एंटरप्राइझ’ या यॉटने त्यावर अफाट उत्तर काढलं. तिचा बूम वरून इतका रुंद होता की त्यावर माणसं चालू शकत. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून त्याला ‘पार्क अव्हेन्यू’ बूम म्हणू लागले. त्यावर आडव्या पट्ट्या होत्या आणि शिडाची खालची कड त्यांवरून बाजूला सरकून हवा तसा बाक घेई. मला हा बूम फार आवडतो. आज तेच काम शिडाची खालची कड बूमच्या टोकाकडे ताणणारा आउटहॉल नावाचा एक साधा दोर करतो, कारण कापड बदललं. सुती शीड वाऱ्यात सैल पडे. 1950च्या दशकात पॉलिएस्टर आलं आणि दोराच्या ताणावर शिडाचा आकार ठरवणं जमू लागलं. शिडाची पुढची कड खाली ओढणाऱ्या दोराला ज्याचं नाव आहे, तो ब्रिग्ज कनिंगहॅम 1958च्या अमेरिकाज कपमध्ये ‘कोलंबिया’ या यॉटचा विजयी कप्तान होता.

वारा वाढला की शीड आखूड करायचं. त्यासाठी मध्यंतरी फिरता बूम निघाला. दांडा फिरवला की शीड त्याच्याभोवती गुंडाळलं जाई. कल्पना छान, पण शिडाचा आकार बिघडे आणि गुंडाळलेल्या कापडामुळे व्हँग लावायला बूमचं पोट मोकळं राहत नसे. अखेर प्रवासी यॉट पुन्हा शिडातल्या भोकांतून दोर खेचून घडी पाडण्याच्या जुन्या पद्धतीकडे वळल्या.

लांबच्या प्रवासात खरी धास्ती बूमच्या अचानक पलटण्याची. वारा मागून असताना जरा दिशा चुकली की बूम झपकन दुसऱ्या बाजूला येतो. त्याच्या फटक्याने माणसं दगावली आहेत. त्यासाठी बूमचं टोक पुढे नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, बांधून ठेवतात, त्या दोराला प्रिव्हेंटर म्हणतात. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 2009-10मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकट्या माणसाला असे दोर नीट लावणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

एनसीसीत दिसणारी दोघांची छोटी होडीही ‘एंटरप्राइझ’च, जॅक होल्टने 1956मध्ये आखलेली, त्या जुन्या यॉटशी तिचं नातं नावापुरतंच. इथे प्रिव्हेंटर नाही. मेनशीट, व्हँग, आउटहॉल एवढे कळले तरी सुरुवात होते. वाऱ्याचा झोत आला की मेनशीट लगेच सोडता यायला हवी, म्हणून ती हातात धरायची, बांधून टाकायची नाही.