गावचं रेशनकार्ड मुंबईत चालतं

“कार्ड गावचं ना? मग आधी तिथून नाव कमी करून दाखला आणा.” भांडुपच्या चाळीत नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या जोडप्याला हे हमखास ऐकावं लागतं. पूर्वी ते खरंही होतं. आता नाही.

‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे कार्ड सिंधुदुर्गातलं असो वा बिहारमधलं, धान्य मुंबईतल्या रेशन दुकानात मिळतं. कार्ड क्रमांक किंवा आधार सांगायचा, ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा. हिश्शाचं थोडं धान्य इथे आणि उरलेलं गावी आई-वडिलांनी उचललं तरी चालतं. हे तर दुकानदारही सहसा सांगत नाहीत!

अटी दोनच, पण मोठ्या: कार्ड अन्न सुरक्षा कायद्याच्या (2013) यादीत हवं आणि आधार जोडलेला हवा. नुसतं केशरी असून भागत नाही. यादीतल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदय (सर्वांत गरीब) कुटुंबाला मिळून 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही मोफत. बाळाचं नाव मात्र आपोआप चढत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. तोवर प्राधान्य कुटुंबात त्याचे 5 किलो बुडतात.