पाकिटावर ३३ डेसिबल, कानात किती?

शेजारी घोरणारं माणूस असलं की पहिला उपाय कापसाचे बोळे, आणि तो फुकट जातो, कारण कापूस सच्छिद्र असतो, आवाज त्यातून आरामात आरपार जातो. मग माणूस ऑनलाइन इअरप्लग शोधायला लागतो आणि तिथे दिसतो एनआरआर (नॉइज रिडक्शन रेटिंग, म्हणजे प्लग किती डेसिबल आवाज अडवतो) नावाचा आकडा, २२, २९, ३३, की घेतला सगळ्यात मोठा. घ्या, हरकत काहीच नाही, पण तो आकडा लॅबमध्ये, नीट बसवलेल्या प्लगवर मोजलेला असतो, रात्री साडेबाराला वैतागून अंधारात कोंबलेल्या प्लगवर नाही. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या नायॉश या सरकारी संस्थेने तर १९९८ साली सांगितलं होतं की फोम प्लगचा आकडा सरळ निम्मा धरा. म्हणजे ३३ चे झाले १६-१७. (युरोपातल्या पाकिटावर एसएनआर नावाचा तसाच पण वेगळ्या पद्धतीने काढलेला आकडा असतो, तो त्याच प्लगला बहुधा तीन-चारने जास्तच दिसतो, त्यामुळे दोन वेगळ्या पाकिटांची तुलना करताना फसू नका.)

आता घोरणं ६० डेसिबलचं धरू, म्हणजे साधारण आपण बोलतो तेवढं. त्यातून १६ गेले, उरले ४४. ऐकायला बरंच कमी वाटतं, कारण दर १० डेसिबल कमी झाले की आवाज अंदाजे निम्मा वाटतो, म्हणजे इथे एक तृतीयांशावर आला. पण शांत बेडरूम रात्री ३० च्या आसपास असते, तेव्हा ४४ ऐकू येणारच. प्लग घालूनही ऐकू येतंय म्हणजे माल डुप्लिकेट, असा रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी आधी हा हिशोब करावा :)

खरी गोम घोरण्याच्या आवाजातच आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते आणि श्वासाबरोबर मऊ टाळू, पडजीभ थरथरायला लागते. यातून निघणारा आवाज मुख्यतः खर्जातला, बराचसा ५०० हर्ट्झच्या खालचा. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि अशा आवाजाला आत शिरायला प्लगच्या कडेची बारीकशी फटसुद्धा पुरते, तीक्ष्ण आवाज मात्र तोच प्लग बऱ्यापैकी अडवतो. म्हणून अर्धवट बसलेला प्लग घालून घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही पण घोरणं येतं. थोडक्यात घोरण्यासाठी प्लग विकत घेताना आकड्यापेक्षा तो तुमच्या कानात फट न ठेवता बसतो का, हेच बघायचं.

बसवायची रीत साधी आहे पण लोक ती करतच नाहीत. हात धुवा, फोम दोन बोटांत वळून वळून उदबत्तीसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका. मग दुसरा हात डोक्यामागून आणून कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढा, कारण कानाची नळी सरळ नसते, वळलेली असते, ओढल्यावर थोडी सरळ होते. आत सरकवा आणि बोट तसंच २०-३० सेकंद ठेवा, फोम हळू फुगतो, तोवर सोडला की तो बाहेर येतो. झालं का बघायचं तर दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा: आवाज आणखी खूप कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढा आणि परत घाला.

काहींना प्लग घातला की स्वतःचा श्वास, आवंढा, हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकू येतात आणि घोरणं परवडलं असं होतं. हाडांतून कानाच्या नळीत आलेला आवाज एरवी बाहेर निघून जातो, प्लगने नळीचं तोंड बंद केलं की आतच घुमतो. गंमत म्हणजे प्लग आणखी आत गेला की हे कमी होतं, पण आत म्हणजे टोक बोटांत धरता येईल इतपतच.

कुशीवर झोपणाऱ्यांनी मऊ फोम घ्यावा, नाहीतर उशी प्लगला दाबते आणि सकाळी कान ठणकतो. बायकांच्या कानाची नळी बरेचदा लहान असते, त्यांनी स्मॉल साइज बघावी. सिलिकॉनचा मेणासारखा गोळा कानाच्या तोंडावर थापायचा असतो, तो दुखत नाही पण खर्ज अडवायला फोमच बरा असं माझं मत. संगीतकारांचे महागडे प्लग यासाठी नकोत, ते सगळे सूर सारखेच थोडे कमी करायला बनवलेले असतात. आणि प्लगवर हेडफोन चढवला म्हणून आकड्यांची बेरीज होत नाही, कारखान्यांत प्लगवर इअरमफ (अख्खा कान झाकणारे जाड कप) घातलं तर फक्त ५ डेसिबल जास्त धरतात. त्यापेक्षा उरलेल्या ४४ वर पंखा लावा, त्याच्या एकसुरी घरघरीत ते बरंचसं बुडून जातं.

फोम मळला की फेकायचा. पावसाळ्यात दमट कानात बुरशी लवकर धरते, कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर प्लग घालूच नका. काढताना हळू पिळत काढा, झटका दिला तर पडद्यावर ताण येतो.

एक गोष्ट मात्र प्लग घ्यायच्या आधीची. एक रात्र नुसतं ऐका. घोरणं मधेच थांबतंय, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही आणि मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास, असं वारंवार होत असेल तर ते स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार, असू शकतं आणि ते लक्षात येतं ते शेजारच्यालाच, घोरणाऱ्याला पत्ता नसतो. फोनवर रेकॉर्ड करून ईएनटी डॉक्टरला ऐकवा, ते स्लीप टेस्ट सांगतील. गरज निघाली तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) देतात, आणि त्याचा आवाज ३० डेसिबलच्या आतबाहेर असतो, बहुतेकांना त्याच्यासाठी प्लग लागत नाही.