आधी अर्ज, मग नमुना: पेटंटसाठी येणाऱ्या कारखानदारांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पहिल्या भेटीला येणारे बरेच कारखानदार मशीनचे फोटो, व्हिडिओ, कधीकधी तर खुद्द सुटा भागच पिशवीत घालून आणतात. त्यातलं काहीही बघायच्या आधी आम्ही विचारतो: हे आजवर कोणाकोणाला दिलंय, कोणाला दाखवलंय आणि केव्हा? काहींना हा प्रश्न चौकशी केल्यासारखा वाटतो. आधी कल्पना किती चांगली आहे ते तरी बघा, असंही म्हणतात. पण पुढचं सगळं काम या उत्तरावर उभं राहतं. ते आम्हाला उशिरा कळलं, तर तुमचे पैसे आणि दोघांचेही महिने पाण्यात जातात. म्हणून हे पत्रक.

पेटंट कशाला म्हणतात, ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं, महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबईच्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे जातात, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. इथे बोलायचं आहे ते अर्ज करण्याआधी नमुना बाहेर देण्याबद्दल.

आमच्या प्रश्नाला उत्तरं साधारण ठरलेली येतात. "एकाच गिऱ्हाइकाला दिलाय हो." "पैसे कुठे घेतलेत? ओळखीतला आहे, वापरून बघ म्हटलं." "वरून कव्हर आहे, आतलं काही दिसतच नाही." हे तिन्ही मुद्दे १८८१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकाच खटल्यात होते, आणि तिन्ही टिकले नाहीत. भांडण होतं कॉर्सेटमधल्या स्टीलच्या पट्ट्यांवरून. एग्बर्ट विरुद्ध लिपमन हा तो खटला. आम्ही तो प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो, कारण त्यातला माणूस आपल्या भोसरी-चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारागिरासारखाच हाताने हुशार होता.

कॉर्सेट म्हणजे पाश्चात्त्य स्त्रिया पोशाखाच्या आत घालत तो कंबर आवळणारा कपडा. त्याला ताठपणा यावा म्हणून आत उभ्या पट्ट्या शिवलेल्या असत. पूर्वी त्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पात्यांच्या असायच्या, एकोणिसाव्या शतकात स्टीलच्याही आल्या. (कंबरदुखीवर डॉक्टर बांधायला देतात त्या बेल्टमध्येही अशाच पट्ट्या असतात.) स्टीलच्या पट्टीची अडचण एकच: बसता-उठता, वाकता-वळता ती सारखी वाकते, सरळ होते आणि शेवटी तुटते. मोडू नये म्हणून जाड घ्यावी तर आणखी पंचाईत. जाडी दुप्पट केली की वाकवायला आठपट जोर लागतो, आणि तेवढ्याच बाकाला वरच्या पृष्ठभागावर दुप्पट ताण येतो. म्हणजे घालणारीला टोचणार आणि पट्टी लवकर थकणार.

सॅम्युअल बार्न्सने यावर काढलेली तोड सुंदर होती. एका जाड पट्टीऐवजी त्याने पातळ पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि अशा जोडल्या, की त्या बाजूला सरकणार नाहीत, पण लांबीच्या दिशेने एकमेकींवर घसरू शकतील. ट्रकच्या कमानीचे पाटे काम करतात तसंच हे. दोन पट्ट्या घट्ट जोडून एकजीव केल्या असत्या तर त्या पुन्हा एका जाड पट्टीसारख्याच वागल्या असत्या. मोकळ्या घसरू दिल्यामुळे प्रत्येक पट्टी आपल्यापुरती वाकते. जोर आठपटीऐवजी फक्त दुप्पट लागतो आणि प्रत्येकीवरचा ताण तिच्या स्वतःच्या पातळ जाडीएवढाच राहतो. ताकद मिळाली, लवचीकपणाही राहिला. पेटंट मिळावं असंच हे काम होतं, यात आम्हाला शंका नाही.

आता तारखा बघा, कारण घोळ सगळा तारखांचा आहे. १८५५ मध्ये फ्रान्सिस नावाची तरुणी आणि तिची मैत्रीण कॉर्सेटच्या पट्ट्या सारख्या तुटतात म्हणून तक्रार करत होत्या. बार्न्स तिथे होता. तो म्हणाला, न तुटणारी जोडी मी करून देतो, आणि पुढच्या भेटीत स्वतः बनवलेली जोडी त्याने फ्रान्सिसला दिली. १८५८ मध्ये आणखी एक दिली. कॉर्सेट जुना झाला की ती शिवण उसवून पट्ट्या काढायची आणि नव्या कॉर्सेटमध्ये घालायची. पुढे दोघांचं लग्न झालं. १८६३ मध्ये स्टर्जिस नावाच्या परिचिताला बार्न्सने घरी बोलावलं. फ्रान्सिसने कात्री आणून कॉर्सेट उसवला, आणि पट्ट्या कशा बनवल्या, कशा चालतात हे त्याला समजावून सांगितलं गेलं. पेटंटचा अर्ज झाला तो मार्च १८६६ मध्ये. पहिल्या जोडीनंतर अकरा वर्षांनी.

त्या काळी अमेरिकेत अर्जाआधी दोन वर्षांपर्यंतच्या सार्वजनिक वापराची मुभा होती. बार्न्सच्या मृत्यूनंतर फ्रान्सिसने (खटल्याच्या नावातली एग्बर्ट ती हीच) पेटंटच्या भंगाबद्दल दावा लावला आणि ती हरली. न्यायमूर्ती वुड्स यांनी निकालात दिलेली कारणं वर सांगितलेल्या तिन्ही उत्तरांना लागू पडतात. सार्वजनिक वापर ठरायला एक नग आणि एक वापरणारी व्यक्ती पुरते. देताना कोणतीही अट घातली नाही, गुप्ततेचं बंधन घातलं नाही, तर मग वस्तू फुकट दिली का विकत, याने फरक पडत नाही. आणि काही शोध मुळातच झाकलेले असतात. घड्याळाच्या आतली स्प्रिंग कोणाला दिसत नाही, म्हणून घड्याळ विकूनही तिचा वापर खासगीच राहिला असं म्हणता येत नाही. शिवाय अर्ज होईपर्यंत याच तत्त्वावरच्या पट्ट्या बाजारात जवळजवळ सगळेच बनवत होते.

न्यायमूर्ती मिलर यांनी विरोधी मत नोंदवलं. एका बाईच्या कपड्याखाली, कधीच कोणाच्या नजरेला न पडणारी पट्टी जर सार्वजनिक वापरात मोडते, तर खासगी वापर म्हणायचं तरी कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. वाचताना तो पटतो, आमच्या ग्राहकांनाही तोच पटतो. पण निकाल बहुमताचा लागतो.

मग चाचणी करायचीच नाही का? करायची, पण निकल्सनसारखी. सॅम्युअल निकल्सनने लाकडी ठोकळ्यांचा रस्ता बनवण्याची पद्धत शोधली आणि १८४८ मध्ये बॉस्टनच्या एका टोलरस्त्यावर सुमारे पंचाहत्तर फूट लांबीचा तुकडा स्वतःच्या खर्चाने बसवला. गाड्या-घोडे उघड्यावर, सगळ्यांसमोर त्यावरून जात होते. पेटंट १८५४ मध्ये मिळालं. तरीही १८७८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ते टिकवलं. का? कारण रस्ता किती टिकतो हे वापरल्याशिवाय कळणारच नव्हतं. तो जवळजवळ रोज तिथे जाऊन काठीने ठोकून तपासायचा, टोल घेणाऱ्याला विचारायचा. आणि मुख्य म्हणजे, रस्ता बसवण्याच्या आधीच, १८४७ मध्ये, त्याने पेटंट कार्यालयात शोधाची प्राथमिक नोंद करून ठेवली होती. झाकलेली पट्टी हरली आणि भररस्त्यातला लाकडी तुकडा जिंकला, तो या फरकामुळे.

हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण प्रश्न आपल्या कायद्यातही हाच आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २५ खाली अर्जाला विरोध करणारा आणि कलम ६४ खाली मिळालेलं पेटंट रद्द करायला येणारा, दोघेही हेच विचारतात: ही वस्तू अर्जाच्या तारखेआधी माहीत होती का, वापरात होती का? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मोन्सँटो कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की त्यासाठी ती सर्वसामान्य लोकांत पसरलेली असावी लागत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकारांना किंवा व्यापाऱ्यांना माहीत असली तरी पुरे. दोन वर्षांची सरसकट मुभा आपल्याकडे नाही. कलम ३२ मध्ये चाचणीसाठी सवलत आहे, पण ती अर्जाआधीच्या एका वर्षापुरती, आणि शोधाच्या स्वरूपामुळे तशी उघड चाचणी खरोखर गरजेची असेल तरच. कलम ३१ प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत देतं, मात्र केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. प्रदर्शन मोठं आहे, मंत्री उद्घाटनाला येणार आहेत, एवढ्याने ते अधिसूचित होत नाही. कृषी प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ तर तारखेसकट स्वतःविरुद्ध दिलेला पुरावाच असतो.

म्हणून आम्ही आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाचा आग्रह धरतो. काही जण म्हणतात, तुम्हाला फी लवकर हवी म्हणून घाई करता. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना १,६०० रुपये आहे, इतरांना ८,०००. आमचं मानधन त्याहून वेगळं, पण कामाला हात लावण्याआधीच लेखी सांगितलेलं असतं. त्या दिवसाची तारीख तुमच्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. त्या काळात नमुना द्या, प्रदर्शन करा, सुधारणा करा. एवढंच लक्षात ठेवा, की तारीख मिळते ती प्रोव्हिजनलमध्ये लिहिलेल्या गोष्टींनाच. अर्ध्या पानाचा मसुदा अर्ध्या पानाएवढंच संरक्षण देतो. आम्ही आकृत्या काढून, मापं घालून, पर्याय लिहून मसुदा करतो, म्हणून आम्हाला इतरांपेक्षा चार दिवस जास्त लागतात. प्रदर्शनाची जागा नोंदवतानाच आम्हाला फोन केलात तर ते चार दिवस जड जात नाहीत.

स्वतःच्या शॉपमध्ये, कामगारांकडून गुप्ततेचा करार लिहून घेऊन केलेली चाचणी अडचणीची नाही. बाहेर द्यावंच लागलं तर लेटरहेडवर चार ओळी लिहून सही घ्या: नमुना चाचणीपुरता आहे, मालकी आमची, अमुक तारखेला परत, तोवर कोणाला दाखवू नये. पण गुप्तपणे धंद्यासाठी वापरत राहायचं आणि सावकाश अर्ज करायचा, हेही चालत नाही. कलम ६४ मध्ये तेसुद्धा रद्द करण्याचं कारण आहे.

उशीर झालाच असेल तरी या. मूळ वस्तू हातची गेली असली, तरी तिच्यावर नंतर केलेली सुधारणा अजून बाहेर गेलेली नसेल आणि खरोखर नवी असेल, तर तिचा स्वतंत्र अर्ज होऊ शकतो. प्रकरण टिकणार नसेल तर आम्ही पहिल्या भेटीतच तसं सांगतो, आणि त्या भेटीचे पैसे घेत नाही.

येताना डिलिव्हरी चलनं, कोटेशनं, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंच्या तारखा आणि स्टॉलच्या पावत्या घेऊन या. मशीन नंतर बघू.